पिराजीमामांचे चार दिवस

पिराजीमामा एकतीस वर्षं देगलूरच्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, डॉक्टर सुई टोचत असताना मारक्या बैलाच्या नाकात बोटं घालून त्याला जागेवर ठेवायचं, हे त्यांचं काम. हातात काम नसलं की आवारात फेऱ्या मारायचे. चहा घ्यायचे तोही चालता चालता, आणि कप कुठे ठेवला ते विसरायचे. मी इथल्या शाळेत शिकवतो आणि माझं घर दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत, त्यामुळे कुंपणावरून आमचं रोजचं बोलणं. पुढे जे सांगतोय त्यातलं काही मी पाहिलंय आणि बाकीचं त्यांनी मला तुकड्यातुकड्यानं सांगितलंय. एका दमात त्यांनी कधीच काही सांगितलं नाही.

दोन हजार तेवीसच्या डिसेंबरात, सकाळी सातच्या सुमाराला, हैदराबादकडून आलेली एक पिकअप गाडी तेलंगणातलं मदनूर ओलांडून आपल्या हद्दीत शिरली आणि वळणावर उलटली. ड्रायव्हरचा पाय अडकला होता. मागे प्लॅस्टिकचे क्रेट आणि त्यावर ताडपत्री. लोक मदतीला धावले तर तो स्वतःचा पाय सोडून ‘चेपलु, चेपलु’ असंच ओरडत राहिला. मासे आहेत, मागे जाऊ नका. देगलुरात तेलुगू सगळ्यांनाच कळतं, आणि मासे असे चिरकत नाहीत हेही कळतं. पोलिसांनी क्रेट उघडले. कासवं निघाली, रंगीत पोपट निघाले, घोरपडीसारखे दोन हिरवे प्राणी निघाले. निम्मे मेलेले. सगळ्यांच्या तळाशी भाजीची एक करंडी होती, जाळीनं तोंड शिवलेली. आतलं जनावर कण्हत होतं, म्हणून ती कुणी उघडली नाही. वनरक्षक अश्वजितनं ती तशीच जीपमध्ये घालून दवाखान्यात आणली.

डॉक्टर ऋतुजा लातूरच्या. नोकरीला लागून त्यांना दोनच वर्षं झाली होती. त्यांनी कात्रीनं जाळी कापली, आत पाहिलं आणि मागे न वळता म्हणाल्या, “मामा, दार लावा. अश्वजित, तुमचा मोबाईल खिशातच राहू द्या. एकही फोटो बाहेर जायचा नाही.”

“काय हाय मॅडम? अस्वलाचं पिल्लू?”

“नाही. माकडही नाही. शेपूट दिसतंय का कुठे?”

शेपूट नव्हतं. तांबड्या विरळ केसांचं, मोठ्या कपाळाचं, सुकलेल्या म्हाताऱ्यासारख्या तोंडाचं एक पिल्लू करंडीत मुटकुळं करून पडलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, हे ओरांगउटान. समुद्रापलीकडे सुमात्रा आणि बोर्निओ अशी दोन बेटं आहेत, फक्त तिथल्या जंगलात ही जात राहते. गोरिला, चिंपांझी आणि हे, माणसाची सगळ्यात जवळची भावकी. आणि ही भावकी आता संपत आलीय.

मामांनी पिल्लू उचलायला हात घातला. पिल्लानं त्यांच्या मनगटावरचे केस मुठीत धरले, मग दंडावरचे, मग सदरा, आणि चढत चढत गळ्यापाशी येऊन छातीला असं घट्ट बिलगलं की तपासायला म्हणून डॉक्टरांनी सोडवायला पाहिलं तर एक हात सुटेपर्यंत दुसरा पुन्हा धरलेला असायचा. शेवटी मामांच्या अंगावरच त्याची तपासणी झाली. मादी. वय वर्षाच्या आतबाहेर. वजन चार किलोला कमी. जुलाब, ताप आणि छातीत घरघर.

“आता तुम्हीच,” डॉक्टर म्हणाल्या.

“म्हंजे?”

“म्हणजे ती तुम्हाला सोडणार नाही. आणि सोडली तर ती जगणार नाही.”

हे प्राणी जिथे पाठवायचे तिथल्या परवानग्या यायच्या होत्या, कोर्टाचा हुकूम यायचा होता, आणि अशा तापात तिला इतक्या लांब नेणंही धोक्याचंच होतं. मामांनी तिला अकरा दिवस अंगावर वागवलं. दवाखान्यातल्या औषधांच्या खोलीत कोंबडीच्या पिल्लांसाठी लावतात तो बल्ब लावला, दाराला आतून पोतं टांगलं. तोंडाला मास्क, कारण माणसाची साधी सर्दीसुद्धा तिला मारू शकते. दर तीन तासांनी लहान मुलांच्या डब्यातलं दूध बाटलीनं. मामा त्या दहा बाय बाराच्या खोलीत तिला घेऊन येरझारा घालायचे. त्यांच्या चालीनं ती शांत व्हायची. आयुष्यभर ज्या फेऱ्यांसाठी बोलणी खाल्ली, त्या पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडत होत्या.

डॉक्टरांनी नाव ठेवायला मनाई केली होती. वन खात्याच्या कागदावर ती ‘जप्त प्राणी, मादी, एक’ होती. मामा तिला ‘माय’ म्हणायचे. आपल्याकडे लेकीला म्हणतात तसं. स्वतःच्या लेकीलाही, राजकन्येला, ते अशीच हाक मारत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना विचारलं, “हिची आई कुठं असंल?”

डॉक्टर बाटली उकळत होत्या. “मामा, ही पिल्लं सात-आठ वर्षं आईला सोडत नाहीत. आई जिवंत असताना पिल्लू हाती लागतच नाही.”

“म्हंजे मारली?”

“मारली असणार. अंगावरून काढून घेतलंय हिला.”

मामा त्या दिवशी जेवले नाहीत. पारडू मेलं की म्हैस दूध चोरते, म्हणून त्याच्या कातड्यात भुसा भरून ते म्हशीपुढे उभं करायचं, हे काम त्यांनी उभ्या जन्मात पंचवीसतीस वेळा केलं होतं. म्हैस चाटत राहते, पान्हा सोडते, कातड्याला काही कळत नाही. कुंपणापाशी ते मला म्हणाले, “सर, मी त्या भुश्याच्या कातड्यावानी झालो. ती मला आई समजून राहिली.” आणि उत्तराची वाट न बघता वळून गेले.

पाचव्या दिवशी डॉक्टर लसीकरणाला हाणेगावकडे गेल्या होत्या. अश्वजित कोर्टात. दुपारी एक पांढरी गाडी दवाखान्यात आली. कुणा पुढाऱ्याचा फोन आधीच येऊन गेला होता, त्यामुळे शिपायानं अडवलं नाही. गाडीतून शिवप्रसाद उतरले. चाकूरजवळ त्यांची डाळमिल होती आणि शेतात बंगला होता. हातात सफरचंदांची पेटी. “गरीब जिवासाठी आणलंय,” म्हणत ते थेट औषधांच्या खोलीच्या खिडकीशी आले. मामांनी त्यांना ओळखलं, कारण त्यांचा जावई लखन सात वर्षांपासून त्याच डाळमिलमध्ये मशीनवर होता.

शिवप्रसादांनी खिडकीतून पाहिलं. मामांच्या छातीवर तांबड्या केसांचा तो गोळा. त्यांच्या तोंडावर निराशा पसरली आणि ते सोबतच्या माणसाला सहज म्हणून गेले, “एवढुसंच हाय की रे. फोटूत तर चांगलं मोठं दिसत व्हतं.”

मामांच्या येरझारा थांबल्या. पिल्लाचा एकही फोटो बाहेर गेला नव्हता. करंडी दार लावून उघडली होती. मग यांनी कुठला फोटो पाहिला?

आपण काय बोललो ते शिवप्रसादांच्याही ध्यानात आलं असावं. ते खिडकीच्या गजाला धरून जवळ आले, हसले. “तुम्ही आमच्या लखनचे सासरे ना? तरीच म्हटलं, पाहिल्यावानी वाटून राहिलं. चांगला पोरगा हाय. त्याची काही फिकीर करू नका.”

गाडी गेली. सफरचंदं शिपायानं वाटून खाल्ली.

मामा गप्प राहिले. त्या दिवशी डॉक्टर परतल्या तेव्हाही आणि दुसऱ्या दिवशी अश्वजित आला तेव्हाही. अश्वजित त्यांच्यासमोरच म्हणाला की ड्रायव्हर तोंड उघडत नाही, माल कुणाचा ते कळायला मार्ग नाही. मामा बाटली हलवत राहिले. घरी जेवायला जायचे तेवढा वेळ डॉक्टर तिला घ्यायच्या. त्या तासाभरात मामा घरात ह्या खोलीतून त्या खोलीत फिरायचे. चांगुणाबाई भाकरी वाढून बसायच्या, भाकरी वाळून जायची.

“काय होऊन राहिलंय तुमाला?”

“काय न्हाई.”

“मंग बसा की खाली.”

“बसतो.”

बसायचे, आणि दोन घास खाऊन उठायचे. राजकन्येची दोन लेकरं चाकूरला इंग्रजी शाळेत होती. लखनच्या बापाची जमीन चार भावांत वाटली गेलेली. ती डाळमिल म्हणजेच त्यांचं घर. मामांनी मला नंतर सांगितलं, की ते चार दिवस दोन्ही बाजूंनी बोलत राहिले, स्वतःशीच. एकदा वाटायचं, मी ऐकलं त्याला पुरावा काय? मोठा माणूस, सहज बोलला असंल. मग छातीवरचं ते पिल्लू श्वास घेताना कुईं करायचं आणि वाटायचं, पुरावा हा काय, माझ्या अंगावर हाय.

नवव्या दिवशी सकाळी डॉक्टर फोनवर कुणा जाणकाराशी बोलत होत्या. बोलणं संपल्यावर त्यांनी सांगितलं, “मामा, ते म्हणत होते, हे लोक एकच पिल्लू कधी पाठवत नाहीत. निम्मी वाटेत मरतात. एक पोचावं म्हणून दोन-तीन खेपांत पाठवतात. अजून कुठेतरी रस्त्यात असतील.”

“आत्ता?”

“आत्तासुद्धा.”

मामांनी तिला डॉक्टरांच्या हातात दिलं. ती ओरडली. ते बाहेर लिंबाखाली गेले आणि राजकन्येला फोन लावला.

“माय, मी एक गोष्ट सांगून राहिलो साहेब लोकांना. ती तुमच्या घरावर येईल.”

सगळं ऐकल्यावर राजकन्या म्हणाली, “बा, त्यायला कामावरून काढतील.”

“हाव.”

“मंग मला कशाला इचारून राहिलाव?”

“इचारत न्हाई. उद्या दुसऱ्याच्या तोंडून कळू नये म्हणून फोन केला.”

तिनं फोन ठेवला. मामांनी अश्वजितला बोलावून घेतलं आणि शिवप्रसाद खिडकीशी काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांगितलं. अश्वजित लिहीत होता, लिहिता लिहिता थांबला. “मामा, हे कधीचं?”

“पाचव्या दिवसाचं.”

“आज नववा.”

“हाव.”

अश्वजित वयानं त्यांच्या पोरासारखा. त्यानं सही करायला कागद पुढे केला.

त्याच संध्याकाळी शेतातल्या बंगल्यावर धाड पडली. मागच्या बाजूला नवाकोरा पिंजरा सापडला, खोलीएवढा. आत दोर टांगलेले, टायरचा झोपाळा, कोपऱ्यात हीटर. पिंजरा रिकामा होता, पण शिवप्रसादांच्या माणसाचा मोबाईल रिकामा नव्हता. त्यात फोटो होते, आणि दुसरी खेप ईशान्येकडून निघाल्याचा निरोप होता. तिकडच्या वन खात्याला लगेच कळवलं गेलं. दुसऱ्या दिवशी गुवाहाटीजवळ एका गोदामात ती खेप पकडली.

अश्वजित ही बातमी सांगायला आला तेव्हा मी कुंपणापाशीच होतो. मामा खोलीबाहेर आले, छातीवर ती होतीच. अश्वजितचा चेहरा पाहून मी ओळखलं की बातमी पुरती चांगली नाही.

“दोन पिल्लं व्हती मामा. एक जिवंत हाय.”

“आन एक?”

“मेलेलं निघालं.”

“कधी मेलं?”

अश्वजितनं माझ्याकडे पाहिलं. त्याला टाळता आलं असतं, पण मामांना खोटं सांगणं त्याला जमलं नाही. “तिथले डॉक्टर म्हणाले, दोन दिवस झाले असावेत.”

मामांनी डावा हात वर केला आणि बोटं मोजली. पाच, सहा, सात, आठ, नऊ. मग ते पोतं बाजूला करून आत गेले. आतून येरझारांचा आवाज यायला लागला तो मला घरापर्यंत ऐकू येत राहिला.

अकराव्या दिवशी तिला न्यायला गाडी आली. सोबत एक मध्यमवयीन बाई होती, अशाच प्राण्यांत वर्षानुवर्षं काम केलेली. तिनं घाई केली नाही. अर्धा दिवस मामांच्या शेजारी बसून राहिली, बाटली दिली, हळूहळू एक हात, मग दुसरा स्वतःकडे घेतला. मामांनी अंगातला स्वेटर काढला आणि पिल्लू त्यात गुंडाळून बाईच्या हातात दिलं. गाडीचं दार लागल्यावर आतून पिल्लाचा आवाज आला. दवाखान्यात त्या दिवशी आलेल्या शेळ्या घाबरून दाव्याला हिसके द्यायला लागल्या, आणि मामा त्यांना धरायला धावले.

त्यानंतर आठवड्याभरात लखनला कामावरून काढलं. कारण दिलं नाही, उद्यापासून येऊ नको एवढंच. तो लातूरला जाऊन भाड्याचा टेम्पो चालवायला लागला; राजकन्या आणि लेकरं चाकूरलाच राहिली. राजकन्या सहा महिने बापाशी बोलली नाही. चांगुणाबाईंना फोन यायचा, मामा दाराआड उभे राहून ऐकायचे.

त्यांचं मन कशातच लागेना. डॉक्टरांना खोदून खोदून विचारायचे. ह्यांची जंगलं कशानं गेली? आग कोण लावतं? डॉक्टरांनी सांगितलं, इतरही कारणं आहेत, पण मोठं कारण म्हणजे तिथे जंगल कापून तेलाच्या ताडाची लागवड केली. त्याचंच पामतेल. मामा घरी आले. चुलीच्या वर फळीवर सणाच्या शिध्यात मिळालेली पामतेलाची पिशवी होती. त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट वाचली.

“हे नगं आता,” ते म्हणाले. “घाण्याचं करडीचं आणू. थोडं कमी खाऊ.”

चांगुणाबाई म्हणाल्या, “आपल्या एका घरानं तेल सोडलं म्हणून ते जंगल वाचतंय व्हय?”

“न्हाई वाचत.”

“मंग?”

“मंग काय. मला खाववंना.”

ऑगस्टात त्यांनी रजा काढली आणि डॉक्टरांच्या ओळखीनं त्या पुनर्वसन केंद्रात तिला पाहायला गेले. एसटीनं, मग रेल्वेनं, मग पुन्हा बसनं. जाताना पिशवीत दोन पपया होत्या, त्या दारातच काढून घेतल्या. आत काचेआडून पाहायची परवानगी मिळाली. ती मोठी झाली होती. केस दाट झाले होते. दोराला एका हातानं लटकून दुसऱ्या हातानं पाला ओरबाडत होती. मामांनी मास्क काढला नाही, पण हलकेच हाक मारली, “माय.”

तिनं मान वळवली. काचेकडे पाहिलं, काही वेळ पाहत राहिली, आणि परत पाल्याकडे वळली. तिला न्यायला आलेली तीच बाई शेजारी उभी होती, तिनं सांगितलं, “हे चांगलं लक्षण आहे. स्वेटर आम्ही दीड महिन्यानं काढून घेतला. चार दिवस रडली. आता माणूस लागत नाही तिला. जंगलात जायचं तर माणूस विसरायलाच हवा.”

मामा म्हणाले, “हाव, बराबर हाय.” परतीच्या प्रवासात पूर्ण वेळ ते डब्याच्या दाराशी उभे होते. मला म्हणाले, “सर, मला पटलं. पण ती आली असती तर मी काय तिला न्हाई म्हटलो नसतो.”

खटला उभा राहिला तो दोन हजार पंचवीसच्या मार्चमध्ये. ड्रायव्हरनं गुन्हा कबूल केला होता, त्याला शिक्षा झाली. शिवप्रसाद जामिनावर होते. त्यांच्याविरुद्ध मोबाईल होता, पण तो त्यांच्या माणसाचा. शिवप्रसादांच्या स्वतःच्या तोंडचे शब्द सांगणारे एकटे पिराजीमामा. साक्षीच्या आदल्या दिवशी दोन माणसं घरी येऊन गेली. चहा पिऊन, लखनला पुन्हा कामावर घेऊ असं सांगून गेली. मामांनी त्यांना हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, फाटकापर्यंत पोचवून आले.

कोर्टात मी गेलो होतो. मागच्या बाकावर लखन येऊन बसला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. मामांनी सांगायचं ते सांगितलं. मग पलीकडचे वकील उठले.

“पाचव्या दिवशी ऐकलं म्हणता. सांगितलं नवव्या दिवशी. चार दिवस गप्प का होता?”

“भ्यालो व्हतो साहेब.”

“कोणाला? माझ्या अशिलांनी धमकी दिली?”

“न्हाई. धमकी न्हाई दिली. जावयाची फिकीर करू नका म्हणाले.”

“मग भीती कसली?”

“जावयाची नोकरी जाईल याची.”

“आणि गेली. म्हणजे तुमच्या मनात राग असणार. त्या रागातून हे सगळं रचलंत, असं मी म्हणतो.”

मामांनी कठड्याचं लाकूड दोन्ही हातांनी धरलं. त्यांचा पाय कठड्याच्या आत सारखा हलत होता. “सांगितलं तवा नोकरी गेली नव्हती साहेब. सांगितलं म्हणून गेली. राग हाय, कशाला खोटं बोलू. पण त्यांच्यापरीस जास्ती राग मला माझा हाय. मी चार दिवस तोंड बंद ठेवलं आन् तिकडं एक पिल्लू खोक्यात मेलं. आधी बोललो असतो तर ते जगलं असतं का, मला मालूम न्हाई. पण मी बोललो न्हाई, हे मालूम हाय.”

वकील खाली बसले. न्यायाधीश मान खाली घालून लिहीत राहिले. निकाल अजून लागायचाय.

बाहेर आल्यावर लखन पुढे आला. रसवंतीवर आम्ही तिघं उभे राहिलो. लखन म्हणाला, “मामा, मला आधी सांगितलं असतं तर मीच सोडली असती नोकरी.”

“सोडली असती का?”

लखन ग्लासातल्या बर्फाकडे बघत राहिला. “मालूम न्हाई,” तो म्हणाला. नंतर म्हणाला, “राजकन्या घरीच हाय आज. पोरं इचारून राहिलीत, आजोबा कवा येणार.” मामा त्याच्या टेम्पोत बसून तसेच चाकूरला गेले. दोन दिवसांनी आले तेव्हा दाढी केलेली होती आणि अंगात नवा सदरा होता, पण गल्लीच्या तोंडापासूनच विचारत आले, “सर, आसामातल्या त्या पिल्लाची काय खबर लागली का हो?”

जूनमध्ये ते निवृत्त झाले. डॉक्टर ऋतुजांची बदली लातूरला झाली, अश्वजित किनवटच्या जंगलात गेला. नोव्हेंबरात डॉक्टरांचा फोन आला. माय गेली. कागदपत्रं, रक्ताच्या तपासण्या, दोन सरकारांची पत्रं, सगळं होऊन ती विमानानं तिच्या बेटावर पोचली. तिथे अशा अनाथ पिल्लांची शाळा असते, घरटं बांधायला, फळ ओळखायला, झाडावरून झाडावर जायला शिकवतात. सात-आठ वर्षांनी जमलं तर जंगलात सोडतील.

“जमलं तर?” मामांनी विचारलं.

“सगळ्यांना नाही जमत, मामा.”

त्यांनी फोन कानाला धरूनच अंगणात एक फेरी मारली. मग म्हणाले, “आन् दुसरं? गोदामातलं?”

दुसरं अजून तिथेच होतं. नर. त्याची तब्येत बरी होती. पण कुठलातरी एक कागद कुठल्यातरी कचेरीत अडकला होता, आणि तो कुठे ते डॉक्टरांनाही नक्की सांगता येईना. मामांनी त्यानंतर माझ्याकडून तीन अर्ज लिहून घेतले. एकाचंही उत्तर आलं नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी लखनकडून गुवाहाटीचं तिकीट काढून घेतलं. त्या केंद्राची एक फेरी सोडली तर हैदराबादच्या पलीकडे जन्मात न गेलेला माणूस.

चांगुणाबाई धपाटे बांधून देताना म्हणत होत्या, “तिथली बोली येती का तुमाला? काय करणार जाऊन?”

“कागद कुठं अडकला ते इचारतो.”

“आन् न्हाई सांगितलं तर?”

“तर दुसऱ्या साहेबाला इचारतो.”

काल दुपारी त्यांचा फोन आला. मागे रिक्षांचा गोंगाट होता आणि ते चालता चालता बोलत होते, हे दमावरून कळत होतं. तिथे थंडी आहे. साहेब भेटले नाहीत. पिल्लू पाहू दिलं नाही, पण तिथल्या एका कामगारानं मोबाईलवर त्याचा व्हिडिओ दाखवला, तांबडं हाय, त्याच मायवानी. उद्या साहेब येणार आहेत म्हणे, दहा वाजता. “मी नऊलाच जाऊन थांबतो,” मामा म्हणाले, आणि फोन कट झाला.